कंपाउंडला ड्रॉप-अवे रेस्ट घ्यावा का? आणि घेतलाच तर ट्यून कसा करायचा?

कऱ्हाडकर
नमस्कार मंडळी. मुलगी पंधरा वर्षांची आहे, कंपाउंड (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) मारते. धनुष्य ४४ पौंडांवर लावलंय, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढण्याची लांबी) २६ इंच, सध्या साधा ब्लेड रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचं पातळ पातं, आहे. ५० मीटरवर ग्रुप चांगला बसतो, पण सहातले एक-दोन बाण ग्रुप सोडून खाली सात-आठमध्ये जातात. प्रत्येक वेळी नाही, पण जातात. सर म्हणतात फॉर्मवर काम करू, घाई नको. ज्यांच्याकडून सामान घेतो ते म्हणतात ड्रॉप-अवे लावा, प्रश्न मिटेल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात कंपाउंड शिकणारी मुलं खूप वाढलीत. सामान लावून देणारी माणसं मात्र तेवढी वाढली नाहीत. जवळपास बो प्रेस (दोरी-केबल बदलण्यासाठी धनुष्य दाबून धरणारं यंत्र) असलेलं ठिकाण शोधावं लागतं. म्हणून इथं विचारतोय:

ड्रॉप-अवेची खरंच गरज आहे का? घ्यायचा तर त्याची दोरी लिम्बवर (धनुष्याच्या लवणाऱ्या भुजेवर) बांधायची की केबलवर? आणि घरच्या घरी लावता येतो का?

पुणेरी यंत्रज्ञ
आधी एक काम करा. बाणांवर नंबर टाका. पांढऱ्या मार्करने वेनवर (बाणाच्या मागच्या पिसांवर) १ ते ६ लिहा आणि कुठला बाण बाहेर जातो ते वहीत मांडा. तेच तेच बाण जात असतील तर प्रश्न बाणांचा, वेगवेगळे जात असतील तर फॉर्मचा किंवा धनुष्याचा. हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

मुक्ता कोल्हापूर
यंत्रज्ञ +१

मी लिम्ब-ड्रिव्हन, म्हणजे लिम्बला बांधलेल्या दोरीवर चालणारा ड्रॉप-अवे, वापरते आणि मला तो आवडतो. पण तुमच्या वर्णनावरून आत्ताच घ्या असं म्हणवत नाही. आउटडोअरला ब्लेड व्यवस्थित लावला तर काहीच अडत नाही. ब्लेडची जाडी किती आहे? ०.०१० इंच असेल आणि बाण हलका असेल तर ठीक. बाण जड आणि पातं ०.००८ चं असेल तर सुटताना पातं जास्त लवतं आणि बाण वर-खाली जातो.

अनभिज्ञ
या विषयातलं काहीच कळत नाही, पण उत्सुकतेनं वाचतोय. ड्रॉप-अवे म्हणजे नक्की काय? काय खाली पडतं?

मुक्ता कोल्हापूर
@अनभिज्ञ, बाण ज्या छोट्या दोन बोटांच्या आधारावर टेकलेला असतो त्याला लाँचर म्हणतात. साध्या रेस्टमध्ये तो जागचा हलत नाही, त्यामुळे बाण सुटल्यावर मागची पिसं, म्हणजे प्लास्टिकच्या वेन, त्याच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाव्या लागतात. ड्रॉप-अवेमध्ये बाण पुढे निघाला की लाँचरच खाली पडतो आणि वेनना वाट मोकळी होते.

अनभिज्ञ
धन्यवाद ताई. समजलं.

डॅलसचा मराठी
इकडे अमेरिकेत दुकानात शिरलात तर निम्मी भिंत ड्रॉप-अवेनं भरलेली दिसते, कारण गिऱ्हाईक बहुतेक शिकारी आहे. त्यांचे बाण जड, वेन मोठ्या आणि पीळ देऊन लावलेल्या, पुढे पात्याचं टोक. झाडावर बसून बराच वेळ बाण लावून थांबायचं असतं, त्यामुळे बाण रेस्टवरून घसरून चालत नाही. मी स्वतः शिकार करत नाही, थ्री-डी मारतो, म्हणजे जंगलातल्या वाटेवर ठेवलेल्या फोमच्या प्राण्यांवर. तिथे मला क्यूएडी कंपनीचा केबल-ड्रिव्हन रेस्ट सोयीचा वाटतो. अंगठ्यानं लाँचर वर केला की खिट्टी लागावी तसा तिथेच राहतो. धनुष्य ओढून न मारता हळूच परत सोडलं तरी तो वरच राहतो, बाण सुटला तरच पडतो.

टार्गेटसाठी हे सगळं लागेलच असं नाही. पण बाजारात कशाचा गवगवा आहे आणि का आहे, हे माहीत असलेलं बरं.

अनभिज्ञ
आपल्याकडे धनुष्यबाणानं शिकार चालते का?

पुणेरी यंत्रज्ञ
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. धनुष्यानं काय आणि कशानं काय. आपल्याकडे कंपाउंड म्हणजे टार्गेटच, आणि ते उत्तम आहे.

वऱ्हाडी तीर
कऱ्हाडकर भाऊ, दुकानदार इकायलेच बसला आहे, तो ड्रॉप-अवे घ्या म्हनीनच ना! तुमच्या सरांचं आयका. आमच्या अमरावतीकडं पोट्टे बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड मारतात, तिथं रेस्टचा एवढा काथ्याकूट नाही, तरी दहात लावतात.

मुक्ता कोल्हापूर
@वऱ्हाडी तीर, इंडियन राउंडबद्दल पूर्ण आदर आहे. पण तिथला बाण बोटांनी सुटतो आणि बाजूला वळसा घेत जातो. कंपाउंडमध्ये रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) वापरतो, बाण वर-खाली जास्त लवतो. म्हणून कंपाउंडचा रेस्ट खालून आधार देतो आणि त्याची उंची, ताण, पडण्याची वेळ या सगळ्याचा परिणाम दिसतो. दोन्हींची तुलना नको.

वऱ्हाडी तीर
पटलं ताई. आयकून रायलो. सांगत राहा.

शरसंधान
मी कंपाउंड शिकवतो, मुलं बहुतेक चौदा ते अठरा वयातली. या वयाच्या मुलांना ड्रॉप-अवे देताना मी एका कारणासाठी थांबतो आणि ते कारण दुकानात कुणी सांगत नाही.

मुलं वाढतात. उंची वाढली की ड्रॉ लेंग्थ वाढवायची, म्हणजे कॅमचं (लिम्बच्या टोकाच्या चाकाचं) मॉड्यूल बदलायचं किंवा फिरवायचं. ताकद वाढली की पौंड वाढवायचे, म्हणजे लिम्बचे बोल्ट आवळायचे. केबल-ड्रिव्हन रेस्टची दोरी केबलच्या हालचालीवर चालते, त्यामुळे ड्रॉ लेंग्थ बदलली की लाँचर पूर्ण वर येण्याची वेळ बदलते. लिम्ब-ड्रिव्हनला ड्रॉ लेंग्थचा फरक कमी पडतो, पण बोल्ट फिरवले की लिम्बची जागा किंचित हलते आणि दोरी सैल किंवा घट्ट होते. म्हणजे धनुष्याला हात लावला की रेस्ट पुन्हा तपासायचा. फिक्स ब्लेडला यातलं दोरीचं काही नाही. नॉकची (बाणाच्या दोरीत बसणाऱ्या खाचेची) उंची आणि सेंटर शॉट (बाणाची डावी-उजवी जागा) बघितला की झालं.

ज्या घरात रेस्ट तपासणारं माणूस नाही, त्या घरातल्या वाढत्या मुलाला ब्लेडच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सतरा-अठराव्या वर्षी ड्रॉ लेंग्थ स्थिरावली की मग हवा तो रेस्ट घ्या.

डॅलसचा मराठी
शरसंधान सर, पूर्ण सहमत नाही. लिम्ब-ड्रिव्हनची दोरी तपासायला अर्धा मिनिट लागतो. पंधरा वर्षांच्या मुलीला ते शिकवता येईल. उलट आपलं धनुष्य आपण तपासायची सवय लवकर लागलेली चांगली.

शरसंधान
सवय लागावी हे मान्य. पण आत्ता तिचं लक्ष अँकर (ओढलेला हात चेहऱ्याशी टेकतो ती जागा) आणि रिलीजवर हवं. स्पर्धेच्या सकाळी दोरी सरकली आहे का ही शंका डोक्यात घेऊन मुलानं लाइनवर जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

पुणेरी यंत्रज्ञ
दोघांचंही बरोबर आहे, घरात कोण आहे त्यावर ठरेल. आता मूळ यंत्रणेकडे येतो, कारण "लिम्ब की केबल" याचं उत्तर त्यातच आहे.

लिम्ब-ड्रिव्हन: लाँचरला स्प्रिंग वर ढकलत असते. धनुष्य मोकळं असताना दोरी ताणलेली असते आणि तीच लाँचरला खाली धरून ठेवते. ओढायला सुरुवात केली की लिम्बची टोकं आत येतात, दोरी सैल पडते, लाँचर उठतो. बाण सोडला की लिम्ब जागेवर परतताना शेवटी दोरी ताणतात आणि लाँचर खाली जातो. म्हणजे बाणाला आधार जास्त वेळ मिळतो.

केबल-ड्रिव्हन: बरोबर उलटं. ओढताना खाली जाणारी केबल दोरीला खेचते आणि लाँचर वर येतो. सोडल्यावर केबल वर जाते, दोरी सैल होते आणि स्प्रिंग लाँचरला खाली नेते. साध्या प्रकारात लाँचर लवकर पडायला लागतो. क्यूएडीसारख्यात लॉक असतं, तो वेगळा प्रकार. हॅम्स्कीचा ट्रिनिटी दोन्ही पद्धतींनी बांधता येतो, व्हेपर ट्रेलचा लिम्बवर चालतो.

दोरी तुटली तर काय? लिम्बवाल्यात लाँचर वरच राहतो, म्हणजे तो तात्पुरता फिक्स रेस्ट होतो. वेन घासतील, पण राउंड पुरा करता येईल. साध्या केबलवाल्यात दोरी तुटली की लाँचर उठणारच नाही. टार्गेटवाल्यांनी लिम्ब-ड्रिव्हन घ्यावा असं मी म्हणतो त्यात या मुद्द्याचा वाटा मोठा आहे.

आता वेळेचं गणित, कऱ्हाडकरांच्याच आकड्यांवर. ड्रॉ लेंग्थ २६ इंच, ब्रेस हाइट (ग्रिपपासून मोकळ्या दोरीपर्यंतचं अंतर) ७ धरू. २६ मधून ते ७ आणि मोजण्याच्या पद्धतीतले पावणेदोन वजा केले की पॉवर स्ट्रोक (दोरी बाणाला ढकलते ते अंतर) साधारण सव्वासतरा इंच, म्हणजे ४४ सेंटिमीटर. बाण सुटताना वेग सेकंदाला ७५ मीटर धरला तर दोरी जागेवर यायला अंदाजे बारा मिलीसेकंद लागतात. दोरी जागेवर येते तेव्हा वेनचं पुढचं टोक रेस्टच्या साधारण चार इंच मागे असतं. ते चार इंच कापायला सव्वा-दीड मिलीसेकंद. तेवढ्यात लाँचर पूर्ण खाली गेलेला हवा आणि खाली आपटून पुन्हा वर उसळायला नको.

मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन घेतलात तर या सगळ्याच्या जेमतेम दोन-तीन फ्रेम मिळतात. त्यावरून "वेन लागत नाही" असं ठरवू नका. ९६० फ्रेमचा फोन असेल तर थोडं तरी दिसतं.

अनभिज्ञ
दीड मिलीसेकंद! वाचूनच श्वास रोखला.

मुक्ता कोल्हापूर
यंत्रज्ञांनी उसळण्याचं लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. कॅमेऱ्यापेक्षा जुना उपाय बरा: लिपस्टिक. वेनच्या कडांना पातळ थर लावायचा, बाण मारायचा आणि मग लाँचर, शेल्फ (रेस्टखालचा धनुष्याचा कठडा), केबल, केबल गार्ड सगळीकडे डाग शोधायचा. जिथे डाग तिथे स्पर्श. पायाला मारायच्या पावडरचा स्प्रेही चालतो, तो लाँचरवर मारला की वेन घासलेली रेघ उमटते.

कऱ्हाडकर दादा, फक्त लिपस्टिक घेण्याआधी वहिनींना विचारा. नाहीतर रेस्टपेक्षा ती महाग पडेल :)

कऱ्हाडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. विचारून घेतली, जुनी मिळाली :)

नंबर टाकले होते. बाहेर जाणारे बाण २ आणि ५, जवळजवळ दर वेळी तेच. मग लिपस्टिकची चाचणी केली. २ नंबरच्या खालच्या डाव्या वेनचा रंग ब्लेडच्या डाव्या कोपऱ्यावर लागलाय. त्या वेनची मागची कड बोटानं चाचपली तर खरखरीत लागते, बाकीच्या गुळगुळीत आहेत. ५ नंबरचा डाग मात्र कुठेच नाही.

शरसंधान
उत्तम काम केलंत. २ नंबरचा नॉक फिरलाय. सहाही बाण ओळीनं दोरीला लावून मागून बघा, पाचांच्या वेन एका कोनात दिसतील आणि याची वेगळी. ब्लेड खालच्या दोन वेनच्या मधून जायला हवा. नॉक केसभर फिरवून इतरांसारखा करा, पुन्हा लिपस्टिक लावून बघा.

५ नंबर दोन बोटांच्या नखांवर किंवा स्पिनरवर फिरवा. टोकाकडे बघत राहा. टोक थरथरलं तर पॉइंट सरळ बसलेला नाही किंवा शाफ्ट गेला आहे. शाफ्टला चीर आहे का तेही बघा. कार्बन हलकेच वाकवून कानाशी धरायचा, कुरकुर ऐकू आली तर तो बाण पुन्हा दोरीला लावायचा नाही. हातात घुसू शकतो. यात हयगय नको.

कऱ्हाडकर
सर, २ नंबर नॉक फिरवल्यावर ग्रुपमध्ये आला. ५ नंबरचं टोक डगमगतंय. बाजूला काढून ठेवलाय.

वऱ्हाडी तीर
घ्या! पैशे वाचले भाऊ!

डॅलसचा मराठी
छान झालं. पण धागा इथेच बंद करू नका, ड्रॉप-अवे लावणाऱ्यांसाठी ट्यूनिंगची माहिती एकत्र आली तर पुढे कुणालाही उपयोगी पडेल. मराठीत हे कुठे सलग सापडत नाही.

मुक्ता कोल्हापूर
मग माझा अनुभव लिहिते. लिम्ब-ड्रिव्हन लावल्यावर सुरुवातीला मस्त चालला. नंतर बाण अधूनमधून उंच जायला लागले. अधूनमधून, हेच अवघड. पेपर ट्यूनिंगला (कागदातून बाण मारून तो कसा फाटतो ते बघणं) पेपर फाटायचा तो कधी एकच भोक, कधी नॉक वर. रेस्ट वर-खाली करून काही फरक पडेना.

शेवटी एका ज्येष्ठ खेळाडूनं धनुष्य हातात घेतलं, न ओढता, आणि लाँचरवर बोट ठेवून दाबलं. तो आणखी खाली गेला. तिथेच कारण सापडलं. मोकळ्या धनुष्यावर लाँचर दोरीनं पूर्ण खाली धरलेला असायला हवा, बोटानं दाबल्यावर खाली जायला जागाच उरायला नको. माझ्या दोरीची गाठ लिम्बच्या बाजूला सरकली होती, त्यामुळे लाँचर दोन-तीन मिलिमीटर वर राहायचा आणि खालची वेन कधी लागायची, कधी निसटायची.

दोरी पुन्हा बांधली, गाठीच्या लगेच पुढे मार्करनं बारीक रेघ मारली. आता रेघ गाठीपासून दूर दिसली की सरकली हे लगेच कळतं. दोरीची टोकं लायटरनं वितळवून गोळी करून ठेवा, म्हणजे गाठीतून निसटत नाहीत.

पुणेरी यंत्रज्ञ
बोटानं दाबून बघायची चाचणी अप्रतिम आहे, प्रत्येक लिम्ब-ड्रिव्हनवाल्यानं पाठ करावी. त्यात भर: दोरी अति घट्टही करू नका. लाँचर तळाला टेकल्यावर आणखी खेचलात तर प्रत्येक बाणाला दोरीवर आणि रेस्टच्या दांड्यावर झटका बसतो.

केबलवाल्यांसाठी: कुठली केबल खाली जाते ते आधी बघा. धनुष्य थोडंसं ओढलं की दिसतं. दोरी त्या केबलच्या धाग्यांमधून ओवायची आणि वर-खाली सर्व्हिंग (बारीक दोऱ्याचं आवरण) गुंडाळायचं, म्हणजे सरकणार नाही. धागे उघडायला प्रेस लागते. प्रेस नसेल तर क्लॅम्प वापरा, तो स्क्रूनं आवळता येतो. लांबी अशी ठेवा की ओढण्याच्या शेवटच्या इंच-दोन इंचांत लाँचर पूर्ण वर यावा. त्याच्या आधी आला तर पुढचा सगळा ताण दोरीवर आणि त्या एका केबलवर येतो. मग शेवटची भिंत (ओढणं जिथे पक्कं थांबतं ती जागा) मऊ लागते आणि दोन कॅमची वेळ एकमेकांपासून हलते. पुष्कळ लोक कॅमला दोष देत बसतात, खोट दोरीच्या लांबीत असते.

नवीन स्ट्रिंग-केबल टाकली की ती बसेपर्यंत थोडी ताणली जाते. म्हणून रेस्ट लावल्यावर थोडे दिवस मारून झाले की लांबी पुन्हा तपासा.

शरसंधान
आता क्रम सांगतो, कारण बहुतेक जण मधूनच सुरू करतात.

सगळ्यात आधी कॅमची वेळ जुळलेली हवी, डी-लूप (दोरीवरचा रिलीज अडकवायचा फास) आणि पीप (दोरीतलं नेम धरायचं भोक) पक्के हवेत. मग रेस्ट. बाण रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या कडक भागाच्या) रेस्टच्या भोकासमोरून जाईल एवढी उंची, आणि नॉक पॉइंट समपातळीत किंवा अगदी थोडा वर. सेंटर शॉट धनुष्याच्या कंपनीनं सांगितला असेल तो घ्या. अनेक धनुष्यांना रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच, म्हणजे वीस-एकवीस मिलिमीटर, ही सुरुवात चालते. मग लाँचर वर-खाली होतोय का, दुसऱ्या माणसाला बाजूला उभं करून हळू ओढून बघा. बाण लावून आणि समोर बट (बाण अडवणारं लक्ष्य) ठेवूनच ओढा, रिकामं धनुष्य ओढू नका. मग लिपस्टिक. स्पर्श नाही याची खात्री झाल्यावरच पेपर ट्यूनिंग, दोनेक मीटरवरून.

नॉक वर फाटतोय तर नॉक पॉइंट खाली घ्या किंवा रेस्ट वर. नॉक खाली फाटतोय तर उलट. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती अगदी थोडी हलवा. हलवून काहीच बदलत नसेल तर हलवणं थांबवा, कुठेतरी स्पर्श होतोय. पेपर जमला की वेन नसलेला बाण १८ मीटरवर वेनवाल्यांबरोबर मारून बघा. शेवटचा निकाल मात्र ५० मीटरवरचा ग्रुपच देतो. ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं आहे. पेपरवरचं सुंदर भोक त्या ठिकाणी कामी येतंच असं नाही.

वेगवान वारू
इथे एक प्रश्न. इनडोअरला जाड बाण आणि आउटडोअरला बारीक, मग एकच रेस्ट दोन्हीला कसा?

मुक्ता कोल्हापूर
@वेगवान वारू, जागतिक नियमात शाफ्ट जास्तीत जास्त ९.३ मिमी चालतो, इनडोअरला बरेच जण तिथपर्यंत जातात कारण रेघेला लागायची शक्यता वाढते. आउटडोअरचा शाफ्ट साडेपाचच्या आसपास असेल तर त्याच्या तुलनेत जाड बाणाचा मध्य सपाट आधारावर जवळजवळ दोन मिलिमीटर वर जातो. लाँचर व्ही आकाराचा असेल तर आणखी वर. म्हणून रेस्ट तेवढा खाली घ्यावा लागतो. बारीक रेघा असलेला मायक्रो ॲडजस्ट रेस्ट घेतलात तर दोन्ही जागांचे आकडे वहीत लिहून ठेवता येतात. रेस्ट निवडताना माझ्यासाठी हा मुद्दा ब्रँडपेक्षा मोठा होता.

जाड बाणाला मोठ्या वेन लावतात, तिथे ड्रॉप-अवेचा खरा फायदा जाणवतो.

डॅलसचा मराठी
रेस्ट पुढे-मागे सरकवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. हात ग्रिपवर किंचित वळला तर बाण किती बाहेर जातो हे रेस्ट ग्रिपच्या किती मागे-पुढे आहे यावरही ठरतं. इकडे लोक मुद्दाम हात डावीकडे, उजवीकडे पिळून मारतात आणि बाणांतलं अंतर सगळ्यात कमी येईल तिथे रेस्ट पक्का करतात. रायझरवर डव्हटेल माउंट (रेस्ट पुढे-मागे सरकवता येणारी खाच) असेल तर हे सोपं जातं.

शरसंधान
चांगला मुद्दा, पण पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांसाठी नको. आधी ग्रिप एकसारखी होऊ दे.

घाटावरचा
मला पावसाबद्दल विचारायचंय. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदान ओलंच. ड्रॉप-अवेला त्रास होतो का?

मुक्ता कोल्हापूर
होतो. लाँचरवर आणि शेल्फवर चिकटवलेलं फेल्ट भिजलं की फुगतं, वजन वाढतं, कड उचकटते. मी पावसाळ्यात फेल्ट काढून पातळ रबरी पट्टी लावते. मारून झाल्यावर रेस्ट कोरड्या फडक्यानं पुसायचा, स्प्रिंगच्या भागात घट्ट ग्रीस भरायचं नाही. त्यावर माती चिकटते आणि लाँचर आळसावतो. पावसात ब्लेड नक्कीच बिनघोर, हे मान्य करते.

वऱ्हाडी तीर
थोडं विषयांतर. २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र जोडी ऑलिम्पिकमध्ये येऊन रायली. आपल्या नागपूर-साताऱ्याच्या पोरायले संधी आहे का नाही?

पुणेरी यंत्रज्ञ
संधी आहेच. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसनं तीन सुवर्णं घेतली, त्यातलं एक ज्योती सुरेखाबरोबर मिश्र जोडीचंच होतं. ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडला पदक मिळणारी ही पहिलीच वेळ असेल. त्यामुळेच तालुक्याच्या गावी सामान नीट लावून देणारी माणसं तयार व्हायला हवीत, असं फार वाटतं. प्रत्येक जिल्ह्यात एक बो प्रेस आणि ती चालवणारा एक माणूस, एवढं झालं तरी कितीतरी मुलांचे बाण ग्रुपमध्ये येतील.

शरसंधान
याला शंभर टक्के पाठिंबा. जिल्हा संघटनांनी हे मनावर घ्यावं.

कऱ्हाडकर
मूळ प्रश्नाचं सांगतो. सध्या ब्लेडच ठेवतोय. पाच बाणांचा ग्रुप बघून सरही खूश झाले, आता सहावा नवीन बाण करून घेऊ. मुलीनं स्वतः सगळ्या नॉकवर वेनच्या रेषेत खूण केली, म्हणजे फिरला की दिसेल. ड्रॉ लेंग्थ स्थिर झाल्यावर लिम्ब-ड्रिव्हन, मायक्रो ॲडजस्टवाला बघू, तोही मुख्यतः इनडोअरसाठी.

तिचाच एक प्रश्न आहे. सामन्यात वीस सेकंदांत एक बाण मारायचा असतो. वारा आला म्हणून ओढलेलं परत सोडावं लागलं तर लिम्ब-ड्रिव्हनचा लाँचर खाली जाईल ना? मग बाण पडणार नाही का?

मुक्ता कोल्हापूर
तिला म्हणावं प्रश्न अगदी योग्य आहे. हो, लाँचर खाली जातो आणि बाण शेल्फवर टेकतो. नॉक दोरीला घट्ट बसत असेल तर पडत नाही. शेल्फवर दोन्ही बाजूंनी मऊ पट्टी लावायची, म्हणजे बाण मध्यातच राहतो आणि पुन्हा ओढताना लाँचर त्याला आपोआप उचलतो. फक्त परत सोडताना धनुष्य तिरकं करायचं नाही आणि पुन्हा ओढताना बाण लाँचरच्या दोन बोटांत आलाय ना, यावर एक नजर टाकायची. सरावात मुद्दाम ओढून परत सोडायचं, घड्याळ लावून. दहा सेकंद उरलेले असतानाही ते जमलं पाहिजे.

आणि बाण पडलाच, तर शूटिंग लाइन आणि तीन मीटरच्या रेघेच्या मधे असेल तोवर तो मारलेला धरत नाहीत. दुसरा बाण लावून मारता येतो, वेळ मात्र तीच.